फॉर्म नंबर सतरा

४ जानेवारी
नवी डायरी, नवा रत्नपाल. दीड वर्ष रखडलेला एम.एस्सी. नर्सिंगचा प्रबंध आता संपवणारच. २८ फेब्रुवारी ही शेवटची तारीख. दोन मुदतवाढी घेऊन झाल्या, तिसरी मिळत नाही. प्रबंध झाला की कॉलेजात ट्यूटरची जागा. मग वॉर्ड नाही, बेडपॅन नाही, नातेवाइकांची कटकट नाही.
विषय : नर्स आपली काळजी कशी घेते, याबद्दल रुग्णांचं मत. फॉर्मवर वीस वाक्यं. प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे कधीच नाही, पाच म्हणजे नेहमी. पन्नास रुग्ण. रोज पाच फॉर्म, दहा दिवसांत काम खलास.
गाईड रुचिता मॅडमनी बजावलंय की फॉर्म स्वतः वाटू नका, युनिफॉर्ममध्ये तर मुळीच नको, रुग्ण मोकळेपणाने लिहीत नाहीत. मॅडम पनवेलला बसतात. मला ‘ब्रदर’ म्हणणारे मुरुडचे रुग्ण माझ्याशी किती मोकळे आहेत हे त्यांना कुठून कळणार?

९ जानेवारी
रोज पाच जमले नाहीत. थंडी होती.
आज मात्र एकदम सोळा! युक्ती सापडली. इंजेक्शनच्या राउंडलाच फॉर्म द्यायचा. एका हातात ट्रे, एका हातात फॉर्म. काय पटापट भरतात! सगळे पाच. एकाने तर विचारलं, सहा नाही का?

१० जानेवारी, दु. १२
फॉर्म नंबर सतरा. बेड सात, जनीआजी. मांडीचं हाड मोडलंय, पायाला वजन टांगलंय. वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं.
नर्स माझं बोलणं पूर्ण ऐकून घेते. म्हणाली, कधीच न्हाय. नर्स बोलावल्यावर येते. कधीच न्हाय. मग तेरावं वाक्य : मी बोलत असताना नर्स निघून जाते. व्हय, नेमी.
बाकी सगळे सरळ पाच देतात, हिचं कुठे एक, कुठे पाच. बिचारी गोंधळली. मधेच पायाखालची उशी सरकव म्हणाली, ठणका लागलाय. म्हटलं, आधी फॉर्म. फॉर्म झाल्यावर ती काहीतरी सांगायला लागली, पण बेड आठला जेवण यायच्या आत गाठायचं होतं. गेलो.
सतरा नंबर बाजूला ठेवणे. शास्त्रात असल्या भरकटलेल्या उत्तरांना आउटलायर म्हणतात.

१८ जानेवारी
अभूतपूर्व! फॉर्म वाटायचे होते पन्नास, भरून आले छपन्न. सहा झेरॉक्स काढाव्या लागल्या. रावजी तर दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला उतरून खास फॉर्म भरायला आला. तो आमच्याकडे कधी ॲडमिट नव्हता, पण त्याचा मामा होता. घेतला. बरोबर दोघांना घेऊन आला होता, त्यांचेही घेतले.
प्रतिसाद एकशे बारा टक्के. परदेशात सत्तर टक्के आले तरी पेढे वाटत असतील.

२५ जानेवारी
एक्सेल शिकलो. यूट्यूबवर, दीडपट स्पीडने.
सतरा नंबर वगळून सरासरी ४.९६. प्रमाण विचलन, म्हणजे लोकांची उत्तरं एकमेकांपासून किती लांब जातात ते, ०.०६. जवळजवळ कोणीच लांब गेलेलं नाही! परदेशी पेपरांत सरासरी ३.८ च्या आसपास दिसते. म्हणजे जगातला सगळ्यात काळजीवाहू वॉर्ड आमचा, आणि त्यात निम्म्या ड्युट्या माझ्या. याला नाव दिलंय : मुरुड मॉडेल. परिषदेसाठी सफारी शिवायला टाकणे.
प्रांजलीला दाखवलं. म्हणाली, माझ्या वर्गात सगळ्यांना शंभरपैकी शंभर पडले तर मी आधी फळ्यावर उत्तरं राहिलीत का ते बघते. चौथीला शिकवते. बायको असली तरी संशोधनातलं तिला काय कळणार?

३ फेब्रुवारी
सॉफ्टवेअरमध्ये अल्फा काढला. फॉर्ममधली वाक्यं एकमेकांशी जुळतात का, हे त्यावरून कळतं. ०.७ च्या वर हवा. माझा उणे ०.३ आला.
घाबरायचं कारण नाही. रक्तगटही निगेटिव्ह असतो, माणूस जगतोच की. मॅडमना मेल केला. सफारीचं माप दिलं.

५ फेब्रुवारी
मॅडमचा फोन, एक तास. म्हणाल्या, वीसपैकी तीन वाक्यं मुद्दाम उलटी घातली होती, आठवतंय का? मी आठवतंय म्हटलं. आठवत नव्हतं. तेरावं त्यातलंच. त्यांनी तेराव्याचं उत्तर बघायला सांगितलं. सगळीकडे पाच. म्हणजे एकच माणूस म्हणतो, नर्स माझं नेहमी पूर्ण ऐकते, आणि तोच म्हणतो, मी बोलत असताना नर्स नेहमी निघून जाते. मॅडमनी विचारलं, यातलं खरं काय?
म्हटलं, दोन्ही शक्य आहे, ड्युटीवर अवलंबून. त्यांनी फोन ठेवला. रेंजचा प्रॉब्लेम असावा.

७ फेब्रुवारी
केसरमावशी ड्रेसिंगला आली. मासळी विकते, पायाची जखम भरत नाही. तिनेही सगळे पाच दिलेत. सहज विचारलं, का दिले?
म्हणाली, ब्रदरची परीक्षा हाय असं रावजी फेरीबोटीत सगल्यांना सांगत होता. पोराची परीक्षा, मग कमी मार्क कशाला देऊ? नापास झालास तर आमच्याच माथी. तू इंजेक्शन दिलंस की हात तीन दिवस वर होत न्हाय, पण ते काय कागदावर लिवायचं असतं?
माझी काळजी घेतली या लोकांनी. मग लक्षात आलं, प्रबंध तर उलटा होता. जेवलो नाही.

१० फेब्रुवारी
मॅडम म्हणाल्या, पुन्हा फॉर्म भरायला वेळ नाही. ज्यांची सरळ आणि उलटी उत्तरं एकमेकांशी जुळतात तेवढेच ठेवा, आणि मूळ फॉर्म जोडा. निदान खरं काहीतरी असेल. दहा-पंधरा मिळाले तरी मी विद्यापीठात बोलून बघते.
छपन्न फॉर्म चाळले. एक मिळाला.
सतरा.
एक्सेलला विचलन विचारलं तर चौकटीत भागाकाराची चूक आली. एका माणसाचं विचलन निघत नाही म्हणे.

१६ फेब्रुवारी
संकटात संधी. एका रुग्णाचा सखोल अभ्यास, असंही असतं! मॅडम विचार करू म्हणाल्या. फक्त जनीआजीला भेटून नीट बोलून घ्यायचं. डिस्चार्ज होऊन घरी गेली आहे, आत डोंगराकडे गाव. उद्या सुट्टी टाकून एसटीने जातो. त्या दिवशी ठणका होता म्हणून एक दिले असतील. आता बरी असेल, दोन-तीनपर्यंत येईल. तेवढं पुरे.

१७ फेब्रुवारी
चारची परतीची गाडी, त्यामुळे दीड तास हातात होता.
आजी काठी घेऊन बसली होती. ओळखलं. चुलीवर चहा ठेवला, घावन दिलं. मी तिचा जुना फॉर्म काढून वाचून दाखवला. म्हटलं, आजी, फार महत्त्वाचा आहे, यावरच माझी परीक्षा.
ती एकदम कपाळावर हात मारून म्हणाली, आरं बाला, परीक्षा होती व्हय तुझी? मग तवाच सांगायचं न्हाय का? मला वाटलं, खरंच इचारतोस.
फॉर्म माझ्या हातातून घेतला आणि चुलीत सारला. मी ओरडलो तोवर पेटला. माझा एकमेव विश्वासार्ह नमुना. चहा त्यावरच उकळला. दुसरा काढ म्हणाली. पिशवीत कोरा होता. तिनेच शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून खुणा करायला लावल्या. वीसच्या वीस पाच.
मग खुशीत येऊन पायाचं सांगायला लागली. उशी सरकत नव्हती त्या दिवशी किती वेळ हाका मारत होती, शेवटी शेजारच्या बाईने... तेवढ्यात गाडीचा हॉर्न. चारची गेली तर सकाळशिवाय दुसरी नाही. उठलो.

२८ फेब्रुवारी
सबमिशन केलं नाही. मॅडमना कळवलं : विश्वासार्ह फॉर्म, शून्य. सफारी शिवून आली. कंबरेत घट्ट.
आजीचा नवा फॉर्म अजून पिशवीत आहे. बाद आहे, तरी आज काढून पाहिला. तेरावं वाक्य : मी बोलत असताना नर्स निघून जाते. पाच.
एवढं एक उत्तर बरोबर आहे.