दौलतरावांची उरलेली स्लिपर

आदिलाबाद जिल्ह्यातल्या माझ्या मराठी माणसांनो, आणि त्यातही आमच्या डबा मंडळातल्या सोबत्यांनो,

माझ्या शोकसभेत हे वाचलं जाईल तेव्हा तुम्ही खुर्च्यांवर बसलेले असाल आणि मला थांबवायची सोय नसेल. म्हणून आपल्या सगळ्यांच्या गाऱ्हाण्यापासूनच सुरुवात करते. आपली खूण आजवर दुसऱ्यानेच ठरवली. माझ्या वडिलांचा अंगठा पटवाऱ्याने शाईत बुडवला आणि त्याला हवा तिथे टेकवला. शाळेच्या दाखल्यावर गोल शिक्का उमटला तो हेडमास्तरांचा. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा रांगेत उभं राहून दुसऱ्याने निवडलेल्या चित्रावरच ठसा मारून आलो. तुमचं चित्र कोणतं, हे कोणी विचारलं नाही.

मी, रुक्माबाई दौलत मुनेश्वर, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार आदिलाबाद, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही; तसा दबाव टाकू शकणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

१. शिक्षक वसाहतीतलं माझं घर आणि बँकेत जे काही असेल ते मुलगा हर्षदीप आणि मुलगी प्रीती यांना अर्धं अर्धं. मुलीचा वाटा "नंतर बघू" म्हणून मागे ठेवू नये. या विषयावर मी चाळीस वर्षं भाषणं दिली आहेत, घरात हसं करू नका.

२. पुस्तकांची दोन्ही कपाटं हर्षदीप उटनूरला ज्या शाळेत शिकवतो तिथे द्यावीत. कुलूप लावू नये. पोरांच्या हाताचे डाग पडले तर पडू द्यावेत.

३. लाकडी स्टूल प्रीतीला. ती उंचीने माझ्यावर गेली आहे, म्हणजे फार वर गेलीच नाही. ऑफिसात वरच्या फळीवरच्या फायली काढायला तिला उपयोगी पडेल. एक पाय आखूड आहे, खाली पुठ्ठ्याची घडी लागते. सुधाकररावांना हे स्टूल शोकसभेपुरतंही वापरायला देऊ नये. कारण पुढे आहे.

सुधाकरराव आमच्या भागातल्या सगळ्या सभा भरवायचे आणि माझं नाव कायम शेवटी घ्यायचे, "आता दौलतच्या मंडळी दोन शब्द बोलतील" असं. माझी उंची माइकपर्यंत पोचत नसे. माझे पती दौलतराव नेरडीगोंड्याच्या मंडल कार्यालयात कारकून होते. ते घरचं हे स्टूल सायकलला बांधून प्रत्येक सभेला आणायचे. मी चढले की खाली बसून तो आखूड पाय हाताने घट्ट धरायचे. एकदा सुधाकरराव सगळ्यांसमोर म्हणाले, "काय रे दौलत, सभेत बी बायकोचे पाय धरून राह्यला का?"

दौलतराव मान वर न करता म्हणाले, "स्टुलाचा धरून राह्यलो, भाऊ. बायको पडली तर तुमच्याच अंगावर पडन."

मंडप हसला. मी त्या दिवशी फार चांगलं बोलले.

४. आता मंडळाबद्दल. दौलतराव गेल्यावर मी घराबाहेर पडणं सोडलं होतं. शेजारच्या पद्मजाताई, बँकेतून निवृत्त झालेल्या, त्यांचा मुलगा भार्गव विलायतेत असतो. तिकडच्या माळरानांवर लोक एक खेळ खेळतात, तो त्याने आईला शिकवला आणि त्यांनी मला. कोणीतरी एक डबा लपवतो, त्यात एक वही आणि डब्याचा शिक्का. वाटेची खूण कोड्यात लिहून देतो. शोधणाऱ्याने डबा सापडला की स्वतःचा शिक्का त्या वहीत उमटवायचा, डब्याचा स्वतःच्या वहीत, आणि डबा होता तसा झाकून निघायचं. नाव लिहायचं नाही. चित्र हेच नाव.

आम्ही दोघींनी आइस्क्रीमचे रिकामे डबे घेतले आणि सुरू केलं. कुंटाला धबधब्याच्या वाटेवर, उटनूरच्या सागांत, बासरला गोदावरीच्या काठी डबे ठेवले. आज मंडळात तीस घरं आहेत. नियम दोनच: शिक्का हाताने कोरायचा आणि माणूस गेला की त्याचा शिक्का थांबवायचा. पहिला नियम पद्मजाताईंनीच मोडला. दुकानातून वीणेचा तयार शिक्का करून आणला. "सरस्वती आहे, तिला काय कोरायचं?" म्हणाल्या. तेव्हापासून मी त्यांना विकतची वीणा म्हणते आणि त्या मला ध्वनिक्षेपक.

५. माझा शिक्का. हेच खरं या कागदाचं कारण आहे.

मी आधी खोडरबरावर माइक कोरला. भाषण करणारी बाई, दुसरं काय सुचणार? उमटवला तर पद्मजाताई चष्मा वर करून म्हणाल्या, "वांगं का काढलंत हो?" मग मी वर उगारलेली मूठ कोरली. ती छान उमटली, पण तशी मूठ किती भिंतींवर आहे! ती माझी कशी? ही दोन्ही चित्रं लोकांना खालून दिसणाऱ्या रुक्माबाईची होती. मला वरून काय दिसायचं, ते कोणाला माहीत नव्हतं. बोलायला लागण्याआधी मी एकदा खाली बघायची. आखूड पाय आणि त्यावर दौलतरावांचा हात. ते पुटपुटायचे, "बोल बिनधास्त. म्या धरलं हाय."

ते कोरायचं ठरलं. खोडरबर लहान पडलं. खाटेखाली त्यांच्या रबरी स्लिपर होत्या. उजवीची टाच ब्लेडने कापली. पद्मजाताई दारातून ओरडल्या, "अहो, चपलेवर? काहीतरी शुभ-अशुभ आहे की नाही?"

मी म्हणाले, "ताई, माझ्या सासऱ्यांना तुमच्या आजोबांच्या दारावरून जाताना चपला हातात घ्याव्या लागायच्या. आता चप्पल माझ्या हातात आहे, आणि मी ती वहीत उमटवणार आहे."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, शाईची नवी गादी पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "आधी माझ्या वहीत मारा." मारला. चित्रातल्या हाताचं एक बोट कोरताना तुटलं होतं, चारच उमटली. तशीच राहू दिली.

हर्षदीपला या शिक्क्याची कॉम्प्युटरवर प्रत काढून माझ्या नावाने शाळेत सुरू करायच्या बक्षिसावर छापायची आहे. बेटा, नको. आणि गेल्या महिन्यात त्याची मुलगी मीनल, वय अकरा, माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आजी, तू गेल्यावर तुहा शिक्का मीच वापरीन."

"काऊन?"

"मले काही सुचूनच नाही राह्यलं. फुलपाखरू तं सगळेच काढते. तुहा भारी हाय."

तिला माझ्यावरचं प्रेम दाखवायचं होतं. मला मात्र वडिलांचा अंगठा आठवला. प्रेमाने झालं तरी दुसऱ्याचं चित्र ते दुसऱ्याचंच. ही पोरगी आयुष्यभर आजीच्या खुणेखाली राहिली तर मी चाळीस वर्षं त्या स्टुलावर उभी राहून काय सांगितलं?

म्हणून: माझा शिक्का मंडळाने प्रत्येक डब्याच्या वहीत शेवटचा एकदा उमटवावा आणि मग माझ्या अस्थींसोबत जाऊ द्यावा. प्रत नाही, फोटो नाही.

६. कोरायचे चाकू, शाईची ती गादी आणि दौलतरावांची डावी स्लिपर, जिला मी कधी ब्लेड लावलं नाही, मीनलला.

मीनल, रबर तुझ्या आजोबांचं आहे, ते वारशाने घे. चित्र मात्र तुझं. लोकांना तू कशी दिसतेस ते काढू नकोस. तुला जे दिसतं आणि दुसऱ्या कोणाला दिसत नाही, ते शोध. वांगं उमटलं तर हस आणि पुन्हा काप, टाच चांगली जाड आहे. हे वाचून झालं की खुर्चीवरून ऊठ, घरी जा, ती डावी टाच काप आणि तुझा पहिला शिक्का या कागदाच्या तळाशी मार.

ठिकाण: आदिलाबाद
दिनांक: १२ जानेवारी २०२५

रुक्माबाई दौलत मुनेश्वर
(सही आणि शिक्का: स्टूल, हात, चार बोटं)

साक्षीदार १: पद्मजाताई, शेजारीण. साक्षीदाराला काही ठेवू नये असं वकिलांनी सुचवलं, त्यामुळे त्यांना काहीच न देण्याची रीतसर सोय झाली. सहीसोबत विकतची वीणा मारायचा त्यांचा हट्ट मान्य केला आहे.
साक्षीदार २: उद्धव, मंडळाचे सभासद, हाताने कोरलेला मोहाच्या झाडाचा शिक्का.

मीनलचा शिक्का: (जागा मोकळी ठेवली आहे)