चहाला न बोलावलेला गोलकीपर

४ एप्रिल, शनिवार

चि. भाऊस,
ताईचे अ. आ.

माझं बरं चाललंय. शिवणाचं मशीन दुरुस्त होऊन आलं, त्यामुळे दुपार सरते. आता मुद्द्याचं.

काल ढब्बू घरी आला तो न जेवताच खोलीत गेला. इथे गावी मला सुनेच्या फोनवरून सगळं कळलं. उद्याच्या सामन्यातून तू त्याला वगळलंस. वगळ बाबा! अकरा वर्षं तुझ्या संघाचा गोल राखतोय, चौतिशी गाठली, कधीतरी हे व्हायचंच होतं. खेळातलं मला ओ की ठो कळत नाही, त्यावर मी बोलणार नाही.

पण तुझी पद्धत मला पाठ आहे. बावीस वर्षं संघ चालवतोयस. ज्याला वगळायचं त्याला शुक्रवारी सकाळी ऑफिसात बोलावतोस, स्वतः चहा करून देतोस आणि तोंडावर कारण सांगतोस. मगच यादी फळ्यावर लागते. तुझ्या चहाला भले भले टरकतात, हे ढब्बूच हसत हसत सांगायचा. मग त्यालाच का नाही बोलावलंस? कालच्या पोरांच्या घोळक्यात उभं राहून त्याने फळ्यावर आपलं नाव शोधलं रे! दोनदा वाचली म्हणे यादी.

राजीनामा लिहून ठेवलाय, तेरा तारखेला देणार. असा गेला तर तुमचं मामा-भाच्याचं बोलणं कायमचं तुटेल. मी त्याची आई आहे, मला ठाऊक आहे.

माया आहे म्हणूनच झाडतेय.
तुझी ताई


७ एप्रिल, मंगळवार

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, बोलणी खाल्ली. गुडघा ठीक आहे, तू विचारलं नाहीस तरी सांगतो.

ढब्बूला डावीकडे झेपावायला उशीर होतोय. पाच सामन्यांत चार गोल त्याच बाजूने गेले. आम्ही तळाला आहोत. खालच्या गटात घसरलो तर क्लबातल्या निम्म्या लोकांच्या नोकऱ्या जातील. निर्णय बरोबर होता, आणि रविवारी जिंकलोही.

शुक्रवारी किटली दोनदा ठेवली आणि दोनदा बंद केली. क्लबात नातंगोतं चालत नाही, खास बोलावलं तर भाच्याला गोंजारतो म्हणतील, असं मनाशी म्हटलं. लंगडी सबब, कळतंय मला. बोलावतो तर सगळ्यांनाच! खरं म्हणजे घाबरलो. कपडे सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याच्या हाती यादी दिली आणि मागच्या दाराने निघून आलो.

सध्या त्याला शांत होऊ दे. हंगाम संपला की समजूत घालीन.

लोभ थोडा आटला असेल, पुरता आटू देऊ नकोस.
तुझा भाऊ


९ एप्रिल, गुरुवार

चि. भाऊस,
अ. आ.

हंगाम संपला की? तोवर तो कुठे असेल? शांत त्याला व्हायचंय की तुला?

लोकांच्या मुलांना तोंडावर सांगतोस, कोणी रडलं तर पाठीवर हात ठेवतोस. माझ्याच पोराच्या वाट्याला मागचं दार? वाईट वाटलं मला, भाऊ. फार वाईट वाटलं.

काल तो सुनेला म्हणाला, की महिनाभर दर शुक्रवारी तो तुझ्या बोलावण्याची वाट बघत होता. उत्तरही ठरवलं होतं त्याने. बरोबर आहे, एवढंच म्हणणार होता.

रविवारी तुमचा सामना नाही. दुपारी तो घरात एकटाच असतो.

तब्येत सांभाळ, आणि जाच.
ताई


१३ एप्रिल, सोमवार

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल गेलो. दारातच तुझ्या नातवाच्या सायकलला अडखळलो. ढब्बूने सावरलं, खुर्ची पुढे केली. मी उभ्या उभ्याच बोललो. डावी बाजू, चार गोल, आणि त्याच्यासमोर यायची माझी हिंमत झाली नाही, चुकलो, हे सगळं सांगितलं. बरोबर आहे, म्हणाला तो. राजीनामा देत नाही. उरलेले चार सामने बाकावर बसेन, नव्या कीपरला तयार करीन म्हणतो.

मी सुटलो म्हणून निघालो, तर त्याने खाली बसवलं. आणि सरळ माझ्याकडे बघत म्हणाला, की मामा, या हंगामानंतर तूही थांब. कारणं दिली, एकेक करून. गेल्या वर्षी कर्णधाराला काढायला मी तीन आठवडे घोळ घातला. सरावात पोरांची नावं चुकतो. जुनी माणसं मला काही सांगायला कचरतात आणि नवी माझं ऐकून हसतात. हे दुसरं कोणी सांगणार नाही म्हणून मी सांगतोय, म्हणाला.

आधी वाटलं, कान उपटावा. बावीस वर्षं संघ चालवला, आणि हा मला शिकवतो! पण ताई, त्याचा आवाज एकदाही चढला नाही. इतकी वर्षं मी माणसांना हेच सांगत आलो आणि वाटायचं, नीट सांगितलं की कमी लागतं. तसं नाही गं. तेवढंच लागतं.

हो म्हणालो. आज सकाळी अध्यक्षांना सांगूनही आलो. घरी येऊन थोडा रडलो.

जूनमध्ये तुझ्याकडे येऊन राहीन म्हणतो. बिनकामाचा माणूस सकाळी उठून काय करतो, ते मला शिकवावं लागेल.

आता सगळी मदार तुझ्या लोभावर.
तुझा धाकटा भाऊ