पाववालीचे बदाम

दौंड, १० डिसेंबर २००५

ती. वन्संस,
ललिताचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमच्याकडे कांद्याचे हाल झाल्याचं कळलं. इथंही ऐन थंडीत पावसानं ठाण मांडलं आहे. गोधड्या वाळत नाहीत. तुमचे धाकटे बंधू रेल्वेतून रिटायर झाल्यापासून रोज स्टेशनाकडे चक्कर मारत, तीही आता बंद.

तक्रार तुमच्याशिवाय कुणाकडे करू? आमचा मुलगा विक्रम नोकरीला पुण्याला गेला, पण त्याचा कॉम्प्युटर इथंच राहिला. त्यात एक खेळ आहे. खेळात एक गाव, गावात आपला एक माणूस. त्यानं वांगी लावायची, गाई धुवायच्या, गावकऱ्यांना भेटी देऊन ओळख वाढवायची. मारामारी नाही, घाई नाही. पावसाळी दिवसाला बरा विरंगुळा, असं मीच ह्यांना म्हणाले होते. माझीच जीभ झडो.

त्या गावात एक लाल केसांची पाववाली आहे. हे रोज तिला फुलं नेऊन देतात. भेट आवडली की तिच्या डोक्यावर पत्त्यातल्यासारखा लाल बदाम फुगतो. सगळे बदाम भरले की तिच्याशी लग्न लावता येतं, असं विक्रम फोनवर हसत सांगत होता. मला हसू आलं नाही. वन्सं, माझा उभा जन्म या घरात गेला, ह्यांनी कधी एक गजरा आणला नाही. मला काय आवडतं हेसुद्धा ह्यांना ठाऊक नसेल. चित्रातल्या बाईचा हेवा करते म्हणून हसू नका. हेवा वाटतो, नुसता जळफळाट होतो.

दाजींना नमस्कार. माझ्यावर लोभ असेल तर या वेळी भावाची बाजू घेऊ नका.

तुमची,
ललिता


न्हावरे, १७ डिसेंबर

चि. सौ. ललितास,
गिताबाईचे अनेक आशीर्वाद.

माझे डोळे अधू, म्हणून मी बोलते आहे आणि नात अपेक्षा लिहिते आहे. तुझं पत्र ऐकून आधी आम्ही पोट धरून हसलो. मग हसल्याचं वाईट वाटलं. माझा भाऊ पोपट लहानपणापासून असाच मुखदुर्बळ. भाकरी हवी असली तरी बोलायचा नाही, नुसता टोपलीकडं बघायचा.

त्याच्या खेळात पाऊस आला की पाणी घालायचं काम वाचतं म्हणे. इथं आमचा कांदा वाफ्यात सडतो आहे. तेव्हा हेवा मलाही वाटला, पण तो वेगळा.

अपेक्षा हा खेळ मैत्रिणीकडे खेळली आहे. ती सांगते, नावडती भेट दिली की बदाम आटतो. पोपट सकाळी दुधाला जातो तेव्हा ते यंत्र चालूच असतं ना? मग मोठी नणंद म्हणून सांगते, त्या बयेला दगड दे.

दूध डेअरीत घालायची वेळ झाली, थांबते. तुझ्यावर माझा जीव आहे, तो लग्नातल्या मानपानाच्या रुसव्यातही आटला नव्हता.

तुझी,
गिताबाई


दौंड, ४ जानेवारी २००६

ती. वन्संस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचा सल्ला लागू पडला. हे छत्री घेऊन दुधाला गेले की मी खुर्चीत बसते आणि खेळातल्या माणसाच्या पिशवीतला एकेक दगड पाववालीच्या हातात ठेवते. ती नाक मुरडते, बदाम सुकतो. मला इतका आनंद होतो की सांगायला लाज वाटते. परवा तर एकटीच मोठ्यानं हसले. ह्यांना काही पत्ता नाही. परत येऊन फुलं देतात, ती तोंड फिरवते.

पण आता नवीनच सुरू झालंय. हे बाजारातून काहीबाही आणतात. पेरू आणले, मग बांगड्या, मग उकडलेल्या शेंगा. काल चक्क गजरा. माझ्यापुढं ठेवतात आणि एकटक माझ्या तोंडाकडं बघत उभे राहतात. वन्सं, मन खात असल्याशिवाय पुरुषमाणूस असं करील का? मी मुद्दाम चेहरा कोरा ठेवते. गजरा मात्र रात्री उशाशी ठेवला होता. हे वाचल्यावर अपेक्षानं हसू नये.

खरं काय ते भावाला विचारून कळवा. काहीही असलं तरी तुमची माया मला राहू द्या.

तुमची,
ललिता


दौंड, १५ जानेवारी

ती. अक्कास,
पोपटचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मी कुठं चुकलो म्हणून बायकोला भेटी आणतो, असं विचारलंस. चुकलो कुठंच नाही. त्या खेळात माणसाला काय आवडतं ते विचारून कळत नाही. भेट द्यायची आणि तोंड बघायचं. ते मला जमण्यासारखं वाटलं. म्हटलं, हीच रीत घरी करून पाहू. पण हिचा चेहरा काही केल्या हलेना. गजऱ्यालासुद्धा नाही.

एकदा दुधाची बरणी विसरलो म्हणून मागं फिरलो, तर खिडकीतून ही दिसली. पाववालीला दगड देत होती आणि पदर तोंडाला लावून हसत होती. अक्का, मी बरणी न घेताच गेलो. हिला इतकं हसताना मी विक्रमच्या बारशाला पाहिलं असेल.

दुसऱ्या दिवशी पिशवीत दगड नव्हते, तर ही दिवसभर धुमसत होती. तेव्हापासून मी पहाटे उठून त्या गावाच्या नदीकाठी जातो, पिशवी दगडांनी भरून ठेवतो आणि मग दुधाला निघतो. पाववालीचा आता एकही बदाम टिकत नाही. बिचारीला मी रोज फुलं देतो ती ह्यासाठीच, की हिला उद्या सुकवायला एखादा बदाम असावा.

यातलं ललिताला काही कळवू नकोस. अपेक्षा, तू वाचत असशील, तूही तोंड बंद ठेव. दोघींनी लोभ ठेवावा आणि गुपितही.

तुझा,
पोपट

ता. क. इथला पाऊस कधीच थांबला. मी तरीही छत्री घेऊनच निघतो. खिडकीशी उभं राहायचं तर तोंड झाकायला काहीतरी लागतं.