पेटीवर उभी राहिलेली बाई

दि. ३ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,
आणि वर्गातून मधेच उठवलेल्या समस्त बायांनो (म्हणजे तू आणि मी),

आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे ते आधीच विचारून टाकते, नाहीतर बोलण्याच्या ओघात राहून जाईल.

आपल्याला एकाच सकाळी शाळेतून काढलं. मी सातवीत होते, तू पाचवीत. दादाला तेवढं ठेवलं. तो फार हुशार होता अशातला भाग नाही. घरात पाणी भरायला आणि कपडे धुवायला कोणीतरी हवं होतं, आणि ते कोणीतरी आपण होतो. त्यानंतर मी बाटल्यांच्या कारखान्यात गेले, तू हॉस्पिटलच्या चादरींना इस्त्री करायला लागलीस. त्या सकाळबद्दल कोणी आपली माफी मागितली नाही. मागणारही नाही. म्हणून ती आपण वसूल करायला निघालो होतो, पेपर देऊन देऊन. बाहेरून बसून बारावीचे सगळे विषय काढले, फक्त इतिहास राहिला. आणि आता तू निरोप धाडतेस, ‘ताई, यंदा मी बसत नाही. त्या झारांचं आणि माझं जमत नाही.’

अगं, त्यांचं कोणाशीच जमलं नाही. म्हणून तर क्रांती झाली.

मी स्वयंपाकघरात सगळा रशिया कागदांवर लिहून चिकटवलाय. नळाच्या वर पीटर, कारण तो सरदारांच्या दाढ्या कापायचा आणि ठेवायची असेल तर कर घ्यायचा. मिक्सरच्या वर कॅथरीन. दाराशी दुसरा अलेक्झांडर. त्याने भूदासांना मोकळं केलं पण जमिनीचे हप्ते त्यांच्याच मानेवर ठेवले, आणि शेवटी बॉम्बने मेला. त्याच्यासमोर मी जाता-येता थांबते, त्याचा हिशेब मला अजून लागत नाही. शेवटचा निकोलस फ्रिजवर आहे. तुझे भावोजी म्हणाले, ‘जागा बरोबर निवडलीस. आतून थंड, आणि बाहेर काय चाललंय याचा पत्ता नाही.’

तुझे भावोजी हल्ली फार बोलायला लागलेत. बसच्या गिअरबॉक्सपासून रास्पुतीनपर्यंत काहीही. भाजी निवडताना बोलतात, मोजे शोधताना बोलतात. इतकी वर्षं या माणसाने एवढं सगळं कुठे साठवलं होतं कोण जाणे.

फोन उचलत नाही म्हणून रुसू नकोस. पेपरात तीन तास हाताने लिहायचं असतं, तोंडाने नाही. तेव्हा यापुढे मी पत्रंच लिहिणार आणि तुलाही लिहायला लावणार. घसा जरा बसलाय, तेही एक कारण आहे. हवा बदलली की बसतो.

यंदा पेपर द्यायचा. दोघींनी. फॉर्म तर कधीच भरून झालेत. तुझा होकार येईपर्यंत मी अशीच लिहीत राहणार, आणि मी किती लांबवू शकते हे तुला माहीत आहे.

तुझी,
ताई


दि. १५ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

पत्र पोचलं. त्यात होकार नाही, पण दोन पानं भरली आहेत आणि अक्षर सुधारलंय. म्हणजे हात तयार होतोय. हे तुझ्या नकळत झालं, म्हणून सांगून ठेवते.

तू लिहिलंस, ‘ताई, तू बोलतेस तेव्हा मला सगळं दिसतं. बर्फ दिसतो, पावाच्या रांगा दिसतात. तू थांबलीस की सगळं जातं. मागच्या वर्षी फेब्रुवारी क्रांतीची कारणे द्या असा प्रश्न आला आणि मला फक्त तुझ्या सभेतल्या टाळ्या ऐकू आल्या. कोरा पेपर देऊन उठले. पेपरात तू नसतेस.’

हे मी तीनदा वाचलं. त्यावर नंतर लिहिते.

मागच्या वर्षी तू कोरा पेपर दिलास, आणि मी भरून. नापास दोघी. मी पहिल्या प्रश्नातच भूदासांना सोडवायला बसले ते घंटा होईपर्यंत सोडवतच होते. निकोलसच्या राज्यारोहणापर्यंतही पोचले नाही. तेव्हा यंदा सराव परीक्षा दिली. युनियनच्या वाचनालयात एक निवृत्त इतिहासशिक्षक येतात, सगळे त्यांना लाल पेन म्हणतात. सज्जन माणूस, पण हातात पेन आलं की दयामाया नाही.

माझं उत्तर ‘कामगार बंधूंनो आणि भगिनींनो’ असं सुरू झालं होतं. त्याला गोल करून लिहिलं, ‘परीक्षक तुमचा भाऊ नाही.’ पुढे एका वाक्याखाली, ‘इथे टाळ्या नकोत, कारण हवं.’ एवढं मी सोसलं. पण फेब्रुवारीच्या उत्तराला त्यांनी अर्ध्यावर काटच मारली.

तो प्रसंग तुला पाठ आहे. राजधानीतल्या कापड गिरण्या, युद्धाचं तिसरं वर्ष, पाव मिळेना. महिला दिनाच्या सकाळी (त्यांच्या जुन्या कॅलेंडरात तो फेब्रुवारीत पडला) बाया माग बंद करून बाहेर पडतात. मग एक विणकरीण रस्त्यावरच्या रिकाम्या पेटीवर चढते आणि म्हणते, ‘आमच्या ताटात पाव नाही आणि तुमच्या कानात आमचा आवाज नाही.’ आणि सगळं शहर तिच्यामागे चालू लागतं. किती वर्षं मी हे कारखान्याच्या गेटवर, युनियनच्या सभांमध्ये सांगितलंय. एकदा कँटीनचा आचारीसुद्धा रडला होता.

लाल पेनांनी समासात लिहिलं, ‘ही बाई कोण? कुठल्या पुस्तकात?’

मी त्यांच्याकडे नुसती पाहत राहिले. ते म्हणाले, “आज भांडत नाही? बरं नाही का?” मी मान हलवली.

घरी येऊन सगळी पुस्तकं पालथी घातली. वाचनालयातली जाड, तुझ्याकडची बारीक, सगळी. बाया आहेत, गिरण्या आहेत, पाव आहे. पेटी नाही. ते वाक्य नाही. धाकटे, ती बाई मी घातलेली आहे. कधी घातली तेही आठवत नाही. बहुतेक एखाद्या सभेत माणसं चुळबुळायला लागली असतील आणि मला कोणीतरी उभी करावीशी वाटली असेल. मग ती तिथून उतरलीच नाही.

बाकी बातमी म्हणजे गेटवर सभा झाली. रात्रपाळीच्या बायांना घरी सोडणारी गाडी साहेबांनी बंद केली, त्यावर. पॅकिंगमधली ती लांबडी आठवते ना, दारातून वाकून येणारी, ती बोलली. बरी बोलली. हात फार हलवते, शेवट करता येत नाही. पण बरी बोलली.

तुझी,
ताई


दि. २८ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

म्हणजे लांबडीच्या भाषणावरून तू ओळखलंस. ‘गेटवर सभा होती आणि तू खाली उभी होतीस? ताई, काय झालंय?’ एवढीच ओळ लिहिलीस, गुडघ्याबद्दलही काही नाही. आणि पाठोपाठ भावोजींना फोन. त्यांना मी बजावलं होतं, पण हल्ली त्यांना बोलायची सवय लागलीय.

तर आधी हे वाच. स्वरतंतूवर गाठ होती. काढली. तपासणीत वाईट काही निघालं नाही. आता रडायचं असेल तर रड, पण आनंदाने.

आता दुसरं. आवाज गेलाय. थोडा परत येईल, शेजारी बसलेल्याला ऐकू जाईल एवढा. गेटच्या पलीकडे जाणारा येणार नाही. डॉक्टरीणबाई चांगली आहे, सरळ सांगते. म्हणाली, “तुमच्या कामात बोलावं लागतं का?” मी पाटीवर लिहिलं, ‘नाही. मी बाटल्या उजेडासमोर धरून तडा शोधते.’ ते खरंच होतं. पगार मला त्याचाच मिळतो. ती म्हणाली, “मग अडचण नाही.” मी मान हलवली आणि पाटी बराच वेळ पुसली नाही.

तुला आधी सांगितलं असतं तर तू पिशवी भरून सेवेला आली असतीस, आणि या गडबडीत पेपर सुटला म्हणून मनातून खूशही झाली असतीस. खोटं असेल तर कळव. मग तुझं ते पत्र आलं. तू थांबलीस की सगळं जातं. ते वाचल्यावर तर मी थांबलेय हे सांगायला माझा हात उठेना.

पण त्यानंतर मी बसून वाचलं, त्या पेटीवरच्या बाईला वगळून. आणि ऐक आता, कारण हे मी एकदाही सभेत सांगितलेलं नाही. त्या दिवशी संप करा असं बायांना कोणी सांगितलं नव्हतं. उलट पुढाऱ्यांचं म्हणणं होतं, आज नको, अजून वेळ आलेली नाही. पुढारी तिथेही माझ्यासारखेच होते, आपल्याशिवाय पान हलत नाही असं समजणारे. बायांनी ऐकलं नाही. माग थांबवले आणि शेजारच्या कारखान्यांपाशी जाऊन खिडक्यांवर बर्फाचे गोळे मारले. पुरुष बाहेर आले. त्या आठवड्यात जे सुरू झालं त्याने शेवटच्या झाराला रेल्वेच्या डब्यात बसून राज्य सोडायला लावलं. तीनशे वर्षांचं घराणं होतं ते. त्या बायांची नावं शोधायला गेले तर हाताला फारशी लागत नाहीत.

इतकी वर्षं मला वाटायचं, पेटीवर कोणीतरी हवंच.

गाडी सुरू झाली, बरं का. रात्रपाळीची. लांबडीने आणि पॅकिंगच्या बायांनी साहेबांच्या दारात बसून सुरू करून घेतली. मी त्यांच्यात मागच्या रांगेत बसले होते, थर्मास घेऊन. आत काय बोलणं झालं ते मला नीट ऐकूही आलं नाही. पण बाहेर येताना लांबडी माझ्याकडे वळून म्हणाली, “ताई, शेवट जमला आज.” जमला असेल.

आता तुझ्या-माझ्या कामाचं. पेपर सोळा मार्चला आहे. मला बोलल्याशिवाय पाठ होत नाही, कधीच झालं नाही. आठवतं ना, शाळा सुटल्यावरही दादाची पुस्तकं घेऊन मी गच्चीवर मोठमोठ्याने धडे म्हणायची आणि तू खाली बसून कपड्यांच्या घड्या घालायचीस? मी चुकले की तू नुसता ओला टॉवेल झटकायचीस. फाट्. मी थांबायची, मागे जायची, दुरुस्त करायची. पुस्तक तुझ्या हातात नसायचं, आणि तरी चूक तुलाच कळायची. तू म्हणतेस, मी थांबले की तुझ्याकडचं सगळं जातं. मग तो टॉवेल कोण झटकत होतं? सगळा धडा तुझ्यात होता. बोलणारी एकच होती, म्हणून कोणी तुला विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

तेव्हा आता मी विचारते.

रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीने ये. पिशवीत औषधं, फळं, सूप असलं काही घालू नकोस. हॉल तिकीट घाल. स्वयंपाकघरात निकोलससमोर उभी राहा आणि फेब्रुवारीची कारणं पहिल्यापासून मोठ्याने सांग. भावोजींना मी त्या वेळी नळाचं काम काढून देणार आहे, बाहेरच्या. मी टेबलापाशी बसेन, हातात चमचा घेऊन. चुकलीस की वाजवीन. पेटीवर बाई चढवलीस तर दोनदा वाजवीन.

ये.

ऐकायला बसलेली,
तुझी ताई