सावलीत सुकवलेले बूट

प्रिय ताई,

आयुष्यात प्रथमच तुझी आज्ञा मोडली आहे, हे आरंभीच कळवतो. इस्पितळातून मिळालेली तुझ्या बुटांची ओली पिशवी माझ्या हाती देत सूनबाई म्हणाली, “मामा, आईंनी हे फेकून द्यायला सांगितलेत.” मी ती घरी आणली. रस्त्यातली जलवाहिनी फुटली, साचलेल्या पाण्यात तू घसरलीस, खुब्याचे हाड मोडले. यात बुटांचा काय अपराध?

आल्या आल्या नाड्या ओढून काढल्या, आतले सोल वेगळे केले, चिखल फडक्याने पुसला. आमच्या सौभाग्यवतींनी हेअर ड्रायर पुढे केला: “लावा हा, पाच मिनिटांत मोकळे व्हाल!” मी ठाम नकार दिला. फार धग लागली की चिकटवलेला तळ सुटतो, चामडे तडकते. आणि शेगडीपाशी बूट ठेवून डोळा लागला, तर बूट राहोत, घरच पेटायचे. बुटांत कोरा कागद कोंबला, कारण छापील कागदाची शाई अस्तराला लागते. कागद ओलावला की बदलत राहिलो. जिभा बाहेर ओढून बूट पंख्यासमोर, सावलीत ठेवले. “माझ्या तापात कधी इतक्यांदा उठला नाहीत,” असा शेरा मिळाला. तो मी विनातक्रार स्वीकारला.

हे सारे मला शिकवले कोणी? बी.कॉम.च्या शेवटच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी माझे बूट चिंब भिजले होते. आत्या ते स्टोव्हवर धरायला निघाली, तेव्हा तू तिच्या हातातून हिसकावून घेतलेस. “लागेल तेवढा वेळ लागेल. घाई केलीत तर जन्माचे वाकडे होतील.” सकाळीही ते ओलेच निघाले. मग तुझे बूट माझ्या पायांत आले आणि तू, शाळेची व्यायामशिक्षिका, चपला घालून मैदानावर गेलीस. बोटे चेपून घेत मी पेपर लिहिला, पण लिहिला. त्या दिवशी मुख्याध्यापकांची बोलणी तू खाल्लीस, हे मला फार उशिरा समजले.

आता मुद्द्यावर येतो. डॉक्टर म्हणतात, हाड नीट बसले आहे. आता उभे राहिलेच पाहिजे. आणि तू मात्र व्यायाम करवून घ्यायला येणाऱ्या मुलीला दारातूनच परत पाठवतेस. “आता मला बूट कशाला? मी गादीवरच बरी,” हे तुझे वाक्य सूनबाईने सांगितले, तेव्हा तिचे डोळे भरले होते. समोर येऊन बोललो असतो, तर पहिल्याच वाक्याला शिट्टी फुंकून तू मला मैदानाबाहेर काढले असतेस. सूनबाईच्या हाती आजच धाडलेल्या पत्रापुढे शिट्टीचे काही चालत नाही.

बूट आज पूर्ण कोरडे झाले. आत हात घालून पार टोकापर्यंत चाचपून पाहिले. उद्या सकाळी ते घेऊन मी त्या मुलीबरोबर येतो आहे. बूट मी चढवीन, नाड्याही मीच बांधीन, तू शिकवलेल्या गाठीने. उभे राहण्याचे काम तेवढे तुझे. लागेल तेवढा वेळ लागेल. मी रजा टाकली आहे.

तुझाच,
न ऐकणारा धाकटा