एकशे बारा किलोमीटर आणि एकसष्ट टक्के

२ फेब्रुवारी, रविवार
गाडी आली. छोटी, पांढरी, इलेक्ट्रिक. कागदावर चार माणसांची आहे. मागे बसताना कन्येचे गुडघे हनुवटीला लागले, पण उंची तिने आईकडून घेतलीय, त्यात गाडीचा दोष नाही.

आवाज अजिबात नाही. सुरू आहे की बंद हेच कळत नाही, त्यामुळे शोरूमच्या दारात दहा मिनिटं सुरू गाडीत बसून होतो. एका चार्जमध्ये दोनशे तीस किलोमीटर जाते असं शोरूमवाला म्हणाला. घरी येताना पेट्रोलपंपासमोर मुद्दाम हळू झालो आणि हात केला. तिथल्या माणसाला वाटलं पेट्रोल हवंय, तो नळी घेऊन दोन पावलं पुढे आला. बिचारा.

संकल्प: बॅटरी पन्नास टक्क्यांच्या खाली कधीही जाऊ द्यायची नाही.

४ फेब्रुवारी
चार्जिंगचा पॉइंट बसवायला इलेक्ट्रिशियन चार दिवसांत येणार आहे. तोवर स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली वायर सोडली. आपण पहिल्या मजल्यावर राहतो याचा पहिल्यांदा अभिमान वाटला. वायर फक्त फ्रिजच्या सॉकेटपासून पुरते. फ्रिज बंद ठेवला. दूध नासलं.

फ्रिज ही मुळात चैन आहे. हिला तसं समजावून सांगितलं. तिने नासलेलं दूध माझ्या हातात दिलं.

५ फेब्रुवारी, बुधवार
हिला इंटरव्ह्यूचं पत्र आलं. वीस तारीख, सकाळी अकरा, मोठ्या हॉस्पिटलात मेट्रनची जागा. एकोणीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून उभ्याने काढली, आता सगळ्या नर्सेसवर देखरेख करायची खुर्ची. एप्रिलमध्ये हिला पंचेचाळीस पूर्ण होतात, मग वयाची अट आडवी येते. म्हणजे हा एकच चान्स.

हॉस्पिटल इथून एकशे बारा किलोमीटर. ही म्हणाली, सहाच्या बसने जाईन. मेव्हणा फोनवर म्हणाला, माझी डिझेल गाडी आहे, ताईला मी सोडतो. दोघांनाही स्पष्ट सांगितलं की दारात गाडी असताना माझी बायको बसने किंवा धुरात जाणार नाही. मी नेणार. शब्द म्हणजे शब्द.

त्यानंतर ही बराच वेळ पत्राची घडी घालत आणि उलगडत होती. आनंदाने बोलवत नसेल.

८ फेब्रुवारी
इलेक्ट्रिशियन आला नाही. काही बिघडत नाही, फ्रिजशिवाय आता सवय झाली.

गाडी शंभर टक्के भरली. इतकं बरं वाटलं की वापरवेना. ऑफिसला बसने गेलो. थेंबे थेंबे तळे साचे, पण ते साचल्यावर लगेच उपसायचं नसतं. कन्या म्हणाली, बाबा, काखेत कळसा आणि गावाला वळसा. हिची मुलगी.

बसमध्ये उभा होतो. शेजारच्याला माझ्याकडे इलेक्ट्रिक गाडी असल्याचं सांगितलं. त्याने जागा बदलली.

९ फेब्रुवारी, रविवार
ट्रायल. ही आणि कन्या बरोबर. एसी बंद, रेडिओ बंद, काचा बंद, कारण काच उघडली की वारा गाडीला मागे ओढतो. अठरा किलोमीटर गेलो आणि एकदम एक्क्याण्णव टक्के दिसले. आकडा आठापासून सुरू होण्याआधी गाडी वळवली. बहिणीकडे जेवायला बोलावलं होतं, ते राहिलं. तिला फोन करून तांत्रिक कारण सांगितलं.

घरी पोहोचलो तेव्हा तिघंही घामाने निथळत होतो. कन्या म्हणाली की इडलीला कसं वाटतं ते आता कळलं. हिने हिशेब मांडला की नऊ टक्क्यांत अठरा, म्हणजे शंभरात दोनशे, मग एकशे बारा म्हणजे हसत हसत. मी म्हटलं, कागदावर सगळेच पोहतात.

१३ फेब्रुवारी
वजन हा खरा शत्रू. स्टेपनी, जॅक, सीट कव्हर, पायपुसणी, सगळं काढून बेडरूममध्ये ठेवलं. ही स्टेपनीवरून पलंगावर जाते. हॉर्नला पण करंट लागतो, म्हणून आजपासून हॉर्न नाही. एका म्हशीमागे अकरा मिनिटं गेलो. म्हैस समंजस होती, तिनेच शेवटी वळण घेतलं.

वीस तारखेला हिने पर्स न घेता फक्त फाइल घ्यावी असं सुचवलं. हिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि माझं वजन विचारलं. मी विषय बदलला.

१६ फेब्रुवारी, रविवार
ही आरशासमोर उत्तरांची तयारी करते. आज तिला म्हटलं, मी प्रश्न विचारतो. पहिला प्रश्न: चढावर बॅटरी किती खर्च होते? तिने आरसा उचलून दुसऱ्या खोलीत नेला.

नंतर गॅलरीत बसून म्हणाली की मला खरंच भीती वाटते, पुन्हा ही संधी येणार नाही, तू नक्की वेळेवर नेशील ना. आवाज बारीक झाला होता. मी म्हटलं, डोळे मिटून विश्वास ठेव. मलाही भरून आलं. हिच्यासाठी काहीही करीन. संकल्प: वाटेत एक टक्काही वाया घालवणार नाही.

१९ फेब्रुवारी
गाडी शंभर टक्के. मेव्हण्याचा पुन्हा फोन. स्टँडबाय म्हणून मागून येऊ का, असं विचारत होता. नको म्हटलं. माणसाने जळावं, पण इतकं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी ७.३०
निघतोय. ही इस्त्रीच्या साडीत. देवासारखी शांत गाडी, देवासारखी शांत बायको. बायको जरा जास्तच शांत आहे.

सकाळी ८.५०
थांबलोय. बॅटरीला वीस मिनिटं विश्रांती. पुस्तिकेत असं काही लिहिलेलं नाही, पण घोडासुद्धा दमतो. ताशी पस्तीसचा वेग काटेकोर ठेवलाय. एक गाद्यांचा टेम्पो आम्हाला ओव्हरटेक करून गेला, पुढे टपरीवर चहाला थांबला, आम्ही त्याच्या पुढे गेलो, त्याने पुन्हा ओव्हरटेक केला. उतावळेपणा, दुसरं काय.

सकाळी ९.५०
अठ्ठावन्न किलोमीटर झाले. दुसरी विश्रांती. चार्ज ऐंशी टक्के. ऐंशी. हिला दाखवायला वळलो तर ही गाडीत नाही.

ती रस्त्याच्या पलीकडे टेम्पोवाल्याशी बोलत होती. त्याचा तिसरा चहा चालू होता. मी काच खाली केली (एकदाच). ती एवढंच म्हणाली की चोपन्न किलोमीटर राहिलेत आणि सत्तर मिनिटं, तुझी गाडी पोहोचेल, मी नाही. केबिनमध्ये दोन माणसं होती, म्हणून ती मागे गाद्यांवर चढून बसली. फाइल छातीशी धरलेली. टेम्पो गेला. मागे फिरून तिने पाहिलं नाही.

पाठलाग करायचा मोह झाला. पण पाठलागात फार चार्ज जातो.

दुपारी १२.०५
पोहोचलो. एकसष्ट टक्के शिल्लक. एकशे बारा किलोमीटर जाऊन एकसष्ट. हे आधी कुणी केलं असेल असं वाटत नाही. धावतच आत गेलो. ही बाकावर बसली होती, साडीला कापूस चिकटलेला. टेम्पोवाल्याने पावणेअकराला गेटवर सोडलं म्हणे. मी तिला एकसष्टचं सांगितलं. तिने ऐकलं असावं.

शिपाई चांगला माणूस आहे. त्याने सांगितलं की आत विचारलं होतं, ऐन वेळी साधन हाताशी असून उपयोगी पडलं नाही तर काय कराल? हिने सकाळचंच उदाहरण दिलं. हसण्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. म्हणजे माझा उल्लेख झाला. सविस्तर झाला.

२८ फेब्रुवारी
हिची निवड झाली. सगळं घर नाचलं. कन्येने आईला उचललं. मी फ्रिज सुरू केला. हिने मेव्हण्याला फोन केला, बहिणीला केला, मग टेम्पोवाल्याला केला. त्याचा नंबर तिच्याकडे आहे.

माझंही अभिनंदन व्हायला हवं होतं. नेलं कुणी? निम्म्या वाटेपर्यंत तरी मीच.

४ मार्च
मेट्रनला हॉस्पिटलच्या आवारात क्वार्टर मिळतं. रोज जाऊन-येऊन जमणार नाही. ही रविवारी जाणार. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, ती कधी ते तिथे गेल्यावर ठरेल. कन्येचं कॉलेज इथे, ती माझ्याजवळ. मी हिला म्हटलं, मग मी तुला सोडायला येतो. ती म्हणाली, गाडी मी नेणार आहे, क्वार्टरच्या दाराशीच चार्जिंगचा पॉइंट आहे. तिला चालवता येते हे मी विसरलो होतो. लग्नाच्या आधीपासून येते.

तिला सूचनांची सात पानं लिहून दिली.

९ मार्च, रविवार
गेली. काचा उघड्या, एसी चालू, गाणी चालू. कोपऱ्यावर हॉर्न वाजवला, कारण नसताना. सात पानं डायनिंग टेबलावर राहिली.

दीड तासात पोहोचल्याचा फोन आला. मी तीनदा विचारलं की किती तासांत.

१० मार्च
इलेक्ट्रिशियन आला. चार्जिंगचा पॉइंट बसवून गेला. फार सुबक काम.

१२ मार्च, बुधवार, संध्याकाळी
फोनवर ही आज खूप बोलली. चाळीस नर्सेस हाताखाली, दोघी रडक्या, एक उद्धट, डॉक्टर वेळेवर येत नाहीत, क्वार्टरच्या खिडकीतून बाग दिसते. संध्याकाळी गाडी काढून एकटीच भाजी आणायला जाते, नुसतीच फिरूनही येते. इतकी खुशीत तिला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. छान वाटलं. आणि घर फार रिकामं वाटलं, तेही लिहून ठेवतो, इथे कोण वाचतंय.

मला विचारायचं होतं की सुट्टी ठरली का, कधी येतेस. तोंडातून निघालं, किती टक्के आहे?

ती म्हणाली, बघितलं नाही.