गाडीचं बूड वर येईपर्यंत

२ मार्च
ही लेकीकडे गेली. चार दिवसांसाठी. बॅगा जरा जास्त नेल्या, पण हिचं सामान असंच असतं. जाताना म्हणाली, या बूड टेकलेल्या गाडीतून मी कुठेही यायची नाही. म्हणजे गाडी उचलली की येणार! सरळ हिशेब आहे.
गाडी म्हणजे आमचं मोटरहोम. रिटायर झाल्यावर घेतलं, सेकंडहँड. वयाने लेकीएवढं. मागचं वजन झेलायला चाकांपाशी दोन रबरी एअर बॅगा असतात, त्या फाटल्यात. मेकॅनिक म्हणाला, एका दिवसाचं काम. म्हणजे मला अर्धा दिवस.
निश्चय: रविवारी बॅगा बदलायच्या. सोमवारी हिला आणायला जायचं.

५ मार्च
नव्या बॅगा आल्या. सोफ्यावर शेजारी शेजारी ठेवल्यात. बऱ्या दिसतात. तेवढीच सोबत.

८ मार्च, दुपारी
डावं चाक काढलं. जुना बोल्ट गंजलेला. तेल सोडलं, शिव्या घातल्या, ढिम्म हलला नाही. पाठ मात्र धरली. गाडीखालून निघता येईना. अगं, जरा हात दे, अशी हाक मारली. मग आठवलं.

रात्री
लेकीचा फोन. म्हणते, बाबा, गाडीचं राहू द्या, बसने या. म्हटलं, छे! आलो तर गाडी घेऊनच, तुझ्या आईला मी शब्द दिलाय. त्यावर फोनच ठेवला. आनंदाने असावी.

१५ मार्च
डावी बॅग बसवली. झकास! चाक चढवल्यावर कळलं, हवेची नळी लावायचं तोंड खाली गेलंय. बॅग उलटी. वर-खाली सारखी दिसणारी वस्तू बनवायचीच कशाला? चूक कंपनीची.

२२ मार्च
उजवीही उलटी बसली होती. आता दोन्ही सुलट.
हल्ली गाडीतच झोपतो. सस्पेन्शनवर वजन हवं म्हणून. शिवाय घरात फ्रिजचा आवाज फार येतो. पूर्वी येत नव्हता.

२९ मार्च
हवा भरली. गाडी टुणकन वर. टाळ्या वाजवल्या, एकट्यानेच. सकाळी पाहतो तर पुन्हा बूड जमिनीला. कुठल्यातरी जोडातून हवा जातेय. साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायचे.
हिने या आठवड्यात फोन केला नाही. नातीमागे वेळ मिळत नसेल.

४ एप्रिल
बुडबुडा सापडला एकदाचा! नट आवळतोय, तोच फाटक वाजलं. गाडीखालून चपला दिसल्या. हिच्या! काय वेळ साधली बाईने. म्हणाली, अहो, बाहेर या जरा, बोलायचंय. म्हटलं, आलोच, पाच मिनिटं, आत्ता हात सोडला तर सगळं मुसळ केरात. चपला थांबल्या. मग घरात गेल्या, परत आल्या. काहीतरी बोललीही, पण मी कॉम्प्रेसर चालू केला होता.
बाहेर आलो तेव्हा दिवे लागले होते. ओट्यावर भाजी झाकून ठेवलेली. शिवणयंत्र नव्हतं, हिचं कपाटही रिकामं. नातीचे कपडे शिवायचे असतील. परत आणताना यंत्र जड जाईल, पण आता आपलं बूड भक्कम आहे.
भाजी गारच खाल्ली. फार चांगली झाली होती.

६ एप्रिल
दोन दिवस झाले, हवा टिकलीय. गाडी अगदी लेव्हलमध्ये. कुणाला तरी दाखवावी म्हणून फाटकापर्यंत गेलो. रस्त्यावर कुणी नव्हतं. फार एकटं वाटलं, उगाचच.
मग हिलाच फोन लावला. म्हटलं, झाली बरं का गाडी उभी! म्हणाली, छान झालं. म्हटलं, मग कधी येतेस?
म्हणाली, आले होते की.